नरक्या आणि अमृता : सह्याद्रीतील एका झाडाचा हिशेब

भीमाशंकर, ताम्हिणी, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी आणि आंबोली या पट्ट्यातील दाट जंगलांत एक लहानखुरे झाड वाढते. ते सागासारखे भव्य नाही, चंदनासारखे सुगंधीही नाही. फिकट पिवळसर फुले येतात त्या दिवसांत त्याच्याजवळ उभे राहणेही नकोसे वाटते, इतकी त्या फुलांना दुर्गंधी असते. डोंगरातील लोक त्याला 'नरक्या' किंवा 'घाणेरा' म्हणतात, ते बहुधा या वासामुळेच. नवल असे की, याच झाडाचे आणखी एक मराठी नाव 'अमृता' आहे. एकाच झाडाच्या वाट्याला नरक आणि अमृत हे दोन्ही शब्द यावेत, हा योगायोग असेल. परंतु गेल्या साठ वर्षांतील विज्ञानाने ही दोन्ही नावे खरी ठरवली आहेत.

या झाडाच्या लाकडात 'कॅम्प्टोथेसिन' नावाचे द्रव्य असते. मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुफ्फुसाच्या काही कर्करोगांवर आज दिली जाणारी महत्त्वाची औषधे या द्रव्यापासून तयार होतात. पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या कर्करोग विभागात या औषधांची नावे रोज उच्चारली जातात. आपल्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर उभे असलेले झाड आणि त्या विभागातील सलाईनची बाटली यांच्यामध्ये रसायनशास्त्राचा, वैद्यकाचा आणि व्यापाराचा एक मोठा प्रवास आहे. त्या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर अचूक मोजमाप कसे निर्णायक ठरले, हे पाहण्यासारखे आहे.

नावाची ओळख

वनस्पतिशास्त्रात या झाडाला 'नोथापोडायटिस निम्मोनियाना' म्हणतात. जुन्या ग्रंथांत ते 'मॅपिया फोटिडा' या नावाने आढळते. 'फोटिडा' या लॅटिन शब्दाचा अर्थही दुर्गंधीयुक्त असाच आहे. निम्मोनियाना हे नाव जोसेफ निम्मो या वनस्पतिप्रेमी गृहस्थांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची पहिली मोठी सूची जॉन ग्रॅहम यांनी तयार केली. ते टपाल खात्यातील अधिकारी होते. १८३९ साली ग्रंथ छापला जात असतानाच खंडाळ्यास त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम निम्मो यांनी तडीस नेले. कार्यालयीन नोकरी सांभाळून केलेल्या अशा नोंदींवरच पुढील पिढ्यांचे शास्त्र उभे राहते.

येथेच एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. आयुर्वेदात 'अमृता' हे नाव प्रामुख्याने गुळवेलीसाठी वापरले जाते. गुळवेल ही वेल आहे आणि ती घरोघरी काढ्यात वापरली जाते. नरक्या हे झाड आहे आणि त्याच्या लाकडातील द्रव्य पेशींना मारणारे आहे. दोघांचे नाव एक असले तरी गुणधर्मात काडीचेही साम्य नाही. औषधी वनस्पतींचा व्यापार करणाऱ्याने आणि त्या विकत घेणाऱ्याने केवळ बोलीतील नावावर विसंबून का राहू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

अल्कलॉइड म्हणजे काय?

वनस्पतींमध्ये तयार होणाऱ्या, नायट्रोजनयुक्त आणि शरीरावर तीव्र परिणाम करणाऱ्या संयुगांच्या एका मोठ्या कुळाला अल्कलॉइड म्हणतात. हे कुळ आपल्या परिचयाचे आहे. मिरीचा तिखटपणा पायपरीनमुळे, चहा-कॉफीची तरतरी कॅफीनमुळे, तंबाखूचे व्यसन निकोटीनमुळे आणि अफूची गुंगी मॉर्फीनमुळे. हिवतापावरचे क्विनीन सिंकोनाच्या सालीतून आले, तर रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन अंगणातील सदाफुलीतून. झाडाला चालता-पळता येत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी ते अशी रसायने साठवून ठेवते, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपण ज्याला औषध म्हणतो, ते झाडाच्या दृष्टीने बहुधा संरक्षणाचे शस्त्र असते.

कॅम्प्टोथेसिनच्या एका रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे १६, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. त्यांची रचना एकमेकांना जोडलेल्या पाच कड्यांची, जवळजवळ सपाट पट्टीसारखी असते. बहुतेक अल्कलॉइडे आम्लाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे क्षार देतात. कॅम्प्टोथेसिन मात्र तसे करत नाही आणि पाण्यात जवळजवळ विरघळतही नाही. त्याच्या पाचव्या कड्याला 'लॅक्टोन' म्हणतात. हे कडे बंद असेल तर द्रव्य प्रभावी असते. उघडले की त्याचा प्रभाव जवळपास नाहीसा होतो. या एका कड्यापायी वैद्यकशास्त्राची पुढे बरीच वर्षे खर्ची पडली.

नंदुरबारचे मनसुख वाणी

कॅम्प्टोथेसिनचा शोध प्रथम आपल्या झाडात लागला नाही. तो लागला 'कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा' या चिनी वृक्षात. चिनी भाषेत त्या वृक्षाच्या नावाचा अर्थ 'आनंदवृक्ष' असा होतो. मात्र शोध लावणाऱ्या दोघांपैकी एक महाराष्ट्राच्या मातीतले होते.

मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले.

वॉल हे पूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्यात होते. कॉर्टिझोन हे औषध वनस्पतींपासून बनवता येईल का, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी हजारो वनस्पतींचे अर्क तपासले होते. त्यांतील सुमारे एक हजार अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीसाठी पाठवले गेले आणि त्या ढिगातून आनंदवृक्षाचा अर्क वेगळा उठून दिसला. उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगावर त्याचा असामान्य परिणाम होत होता. त्यानंतर कॅलिफोर्नियातील वृक्षापासून सुमारे वीस किलो वाळलेले लाकूड व साल मिळवून तिचे पृथक्करण सुरू झाले. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची परीक्षा करायची, प्रभावी भाग ठेवून उरलेला बाजूला सारायचा आणि पुन्हा तेच करायचे. जमाखर्चातील एका पैशाचा फरक शोधण्यासाठी अख्खी वही तपासावी, तसे हे काम. १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी शुद्ध कॅम्प्टोथेसिन आणि त्याची रचना जगापुढे मांडली. १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉल या दुसऱ्या महत्त्वाच्या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ साली या दोन्ही शोधांचा गौरव राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक टप्पा म्हणून केला.

१९७२ : एकीकडे निराशा, दुसरीकडे शोध

पाण्यात न विरघळणारे द्रव्य शिरेतून द्यायचे कसे, हा पहिला प्रश्न होता. त्यावर सोपा वाटणारा उपाय काढण्यात आला. पाचवे कडे उघडून कॅम्प्टोथेसिनचा सोडियम क्षार तयार करण्यात आला. तो पाण्यात विरघळत होता. रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि अपेक्षाभंग झाला. कडे उघडल्यामुळे औषधाचा प्रभाव कमी झाला होता. उलट मूत्राशयात, जेथे मूत्र आम्लधर्मी असते, तेथे ते कडे पुन्हा मिटत होते आणि प्रभावी झालेले द्रव्य मूत्राशयाच्या अस्तरावरच हल्ला करत होते. रक्तस्रावी दाह, जुलाब आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची घट असे दुष्परिणाम दिसू लागले. १९७२ साली या चाचण्या थांबवण्यात आल्या. जेथे अमृत हवे होते तेथे ते पोहोचले नाही आणि जेथे नको होते तेथे विष ठरले.

त्याच वर्षी मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातून एक वेगळी बातमी आली. टी. आर. गोविंदाचारी हे या केंद्राचे पहिले संचालक. त्यापूर्वी ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतील नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. चिनी आनंदवृक्ष आणि आपला नरक्या ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या कुळांतील झाडे. तरीही दोघांनी तेच द्रव्य साठवले होते. एवढेच नव्हे, तर नरक्याच्या लाकडातील प्रमाण चिनी वृक्षापेक्षा कितीतरी अधिक निघाले. वाळलेल्या लाकडात ते साधारणपणे ०.१ ते ०.३ टक्के असते. म्हणजे एक हजार किलो वाळलेल्या लाकडात एक ते तीन किलो. ज्या वेळी जगाने या औषधाचा नाद सोडला होता, नेमक्या त्याच वेळी त्याचे मोठे भांडार आपल्या डोंगरांत असल्याचे सिद्ध झाले.

पेशीतील गाठ

त्यानंतर बारा-तेरा वर्षे कॅम्प्टोथेसिन अडगळीत पडून होते. १९८५ साली अमेरिकेतील लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पेशीत नेमके काय करते हे उलगडून दाखवले आणि चित्र पालटले.

मानवी पेशीतील डीएनएचे धागे सरळ केले तर त्यांची एकूण लांबी सुमारे दोन मीटर भरेल. हा पिळाचा दुहेरी धागा पेशीच्या सूक्ष्म केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या धाग्याची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी त्याचे दोन पदर उलगडावे लागतात. पिळाच्या दोरीचे दोन पदर मधूनच ओढून वेगळे केले, तर पुढचा भाग अधिकच आवळला जातो, हे कोणीही करून पाहावे. डीएनएतही असाच ताण निर्माण होतो. तो ताण सोडवण्यासाठी 'टोपोआयसोमरेज एक' नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. ते धाग्याचा एक पदर कापते, पीळ सैल होऊ देते आणि कापलेली टोके लगेच पुन्हा जोडते.

कॅम्प्टोथेसिनचा सपाट रेणू नेमका या कापलेल्या फटीत पाचरीसारखा जाऊन बसतो. विकराला टोके जोडता येत नाहीत. नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्या फटीवर आदळते, दुसरा पदरही तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभाजित होत असल्यामुळे त्यांच्यावर हा आघात अधिक होतो. मात्र आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि रक्त तयार करणारा अस्थिमगज येथील निरोगी पेशीही वेगाने वाढतात. जुलाब, केस गळणे आणि पांढऱ्या पेशी कमी होणे हे दुष्परिणाम त्यामुळेच संभवतात. औषध आणि विष यांचे कार्य येथे वेगवेगळे नाही. ते एकच कार्य आहे. फरक करायचा तो मात्रेने, वेळेने आणि देखरेखीने.

मिलिग्रॅमचा हिशेब

कार्य कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत सुधारणा सुरू केल्या. पाण्यात विरघळावे, तरीही पाचवे कडे शाबूत राहावे, हे उद्दिष्ट होते. जपानच्या याकुल्ट कंपनीने, म्हणजे आंबवलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्यांमुळे आपल्याकडेही ठाऊक असलेल्या कंपनीने, 'इरिनोटेकॅन' विकसित केले. जपानमध्ये त्याला १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. १९९६ सालीच 'टोपोटेकॅन' हे दुसरे औषध अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली इरिनोटेकॅनचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

इरिनोटेकॅन शरीरात गेल्यावर स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातील व अन्य ऊतींतील विकरे त्याचे रूपांतर कितीतरी पट प्रभावी अशा द्रव्यात करतात. पुढे यकृतातीलच दुसरे एक विकर त्या द्रव्याला निष्प्रभ करून पित्तावाटे बाहेर पाठवते. हे दुसरे विकर काही व्यक्तींमध्ये जन्मतः कमी असते. अशा रुग्णांत नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते. ज्यांच्या तपासणीत बिलिरुबिन वरचेवर किंचित वाढलेले आढळते, परंतु यकृताचा अन्य विकार निघत नाही, अशांनी ही माहिती उपचार सुरू होण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना अवश्य द्यावी. याची जनुकीय तपासणीही उपलब्ध आहे.

मात्रा किती काटेकोर असते ते पाहा. एका प्रचलित पद्धतीत इरिनोटेकॅन शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १८० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा देतात. पृष्ठभाग १.६ चौरस मीटर असलेल्या व्यक्तीला २८८ मिलिग्रॅम. प्रत्येक वेळी आधी रक्ततपासणी होते आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर मात्रा घटवतात किंवा पुढे ढकलतात.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. 'कर्करोगावर रामबाण जंगली वनस्पती' असे सांगून कोणी नरक्याच्या लाकडाची पूड देऊ केली, तर तिच्या पाच ग्रॅमच्या चमच्यात ५ मिलिग्रॅम कॅम्प्टोथेसिन आहे की १५, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. झाड कोठले, लाकूड मुळाजवळचे की फांदीचे, तोड कोणत्या ऋतूतली, यांवर प्रमाण बदलते. शिवाय त्या पुडीतील मूळ द्रव्य म्हणजे १९७२ साली ज्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या त्याच जातीचे विष. वनस्पतीपासून मिळाले म्हणून ते सौम्य होत नाही. नरक्याचा काढा, पूड किंवा अर्क घरी घेणे सर्वथा टाळावे. कर्करोगावर उपचार चालू असताना अन्य कोणतेही चूर्ण, काढा वा आसव घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे; कारण इरिनोटेकॅनचा निचरा करणाऱ्या यकृतातील विकरांवर अनेक वनस्पतींचा परिणाम होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी महत्त्वाची. इरिनोटेकॅननंतर काही दिवसांनी तीव्र जुलाब होऊ शकतात आणि शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम पाळणाऱ्या किंवा तपश्चर्येचा संकल्प असलेल्या रुग्णाने उपचारांपूर्वीच डॉक्टरांशी आणि आपल्या गुरुजनांशी मोकळेपणाने बोलून काय करावयाचे ते ठरवून ठेवावे. जुलाब सुरू झाल्यावर मध्यरात्री विचार करण्यासाठी वेळ नसतो.

मुद्दल खाणारा व्यापार

औषधांना मान्यता मिळताच जगभर कॅम्प्टोथेसिनची मागणी वाढली. रासायनिक मार्गाने ते प्रयोगशाळेत तयार करता येते. पहिले संपूर्ण संश्लेषण १९७१ सालीच झाले होते. परंतु हा मार्ग लांब आणि खर्चिक असल्यामुळे व्यापारी उत्पादन मुख्यतः झाडांवरच अवलंबून राहिले. साहजिकच व्यापाराची नजर सह्याद्रीकडे वळली.

येथे या झाडाचे दुर्दैव आहे. मिरीचे घोस तोडले तरी वेल राहते; हिरडा, बेहडा, आवळा यांची फळे वेचली तरी झाड राहते. नरक्याचे द्रव्य मुख्यतः खोडात आणि मुळांत असल्यामुळे ते मिळवण्यासाठी झाडच तोडावे लागते, कित्येकदा मुळासकट उपटले जाते. झाड लहान असल्याने एका टनासाठी पुष्कळ झाडे पडतात. सातारा, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत नरक्याच्या लाकडाची चोरटी तोड आणि वाहतूक पकडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून अनेकदा आल्या आहेत. कोयना आणि चांदोलीच्या ज्या जंगलांचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समावेश आहे, तो परिसरही या झाडाच्या वाढीचाच आहे. लाकूड डोंगरात किलोच्या भावाने विकले जाते आणि त्यातून निघालेले औषध शेवटी मिलिग्रॅमच्या भावाने. मधल्या प्रचंड फरकातील फारच थोडा वाटा तोड करणाऱ्या मजुराच्या हाती पडतो. गुन्हा दाखल झाला तर पकडला जातो तो मात्र बहुधा तोच.

ज्यांनी आयुष्यभर व्यवहार केला आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. व्याजावर घर चालते. मुद्दल काढून खाल्ले तर काही वर्षे ऐटीत जातात आणि मग पेढी बुडते. जंगलातील नरक्या हे मुद्दल आहे. शिवाय ते आपण ठेवलेले मुद्दलही नव्हे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये वनकर्म, म्हणजे जंगलतोडीवर चालणारा धंदा, पूर्वाचार्यांनी आवर्जून गणला आहे. त्या काळी कॅम्प्टोथेसिनचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. परंतु जंगल तोडून मिळणाऱ्या नफ्याचे स्वरूप तेव्हाही हेच होते.

आजच्या कायद्यानेही या व्यापाराला चौकट घातली आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ सालचा. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपूर येथे २०१२ पासून कार्यरत आहे. जैविक साधनसंपत्तीचा व्यापारी वापर करणाऱ्याने मंडळाला कळवणे आणि लाभातील वाटा स्थानिकांपर्यंत पोहोचवणे यामागे अपेक्षित आहे. २०२३ च्या दुरुस्तीत लागवडीतील औषधी वनस्पतींना काही सवलती मिळाल्या. मात्र त्यासाठी मालाच्या उगमाचा दाखला लागतो. वनौषधींच्या कच्च्या मालाचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी वाहतूक परवाना, उगमाचा दाखला आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव या तीन गोष्टी बिलासोबत मागितल्याच पाहिजेत. 'जंगली लाकडाचे तुकडे' एवढ्याच वर्णनाने माल स्वीकारणे म्हणजे वारस न नोंदवता ठेव स्वीकारण्यासारखे आहे. अडचण आज दिसत नाही, परंतु एके दिवशी दारात उभी राहते.

व्याजावर जगण्याचे मार्ग

झाड न तोडता औषध मिळावे, या दिशेने आपल्याकडे बरेच काम झाले आहे आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुभाष चव्हाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनच्या संश्लेषणाचे सुटसुटीत मार्ग शोधले. पूना कॉलेज ऑफ फार्मसीतील संशोधकांनी नरक्याच्या निरनिराळ्या भागांत आणि निरनिराळ्या काळांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण किती असते याची मोजणी केली. कोणता भाग केव्हा काढावा हे ठाऊक असेल तर कमी तोडीत अधिक द्रव्य मिळते आणि लागवड करणाऱ्यालाही योग्य झाडांची निवड करता येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात देवानंद फुलझेले आणि सहकाऱ्यांनी नरक्याच्या पेशी पोषकद्रवात वाढवून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवण्याचे प्रयोग केले.

याहून नवलाची गोष्ट २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. नरक्याच्या आत वस्तीला असणारी एक सूक्ष्म बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते, असे त्यांना आढळले. पेनिसिलिनप्रमाणे ही बुरशी टाकीत वाढवून औषध काढता आले तर झाडाला हात लावण्याचे कारणच उरणार नाही. तूर्त अडचण अशी की, झाडाबाहेर वाढवलेल्या अशा बुरशी पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की हे द्रव्य बनवण्याची क्षमता गमावतात. झाड आणि बुरशी यांच्यातील देवघेव अद्याप पुरती उलगडलेली नाही. तोवर व्यवहार्य मार्ग एकच, तो म्हणजे लागवड. डोंगरउतारावर, सावलीत, स्थानिक शेतकऱ्यांच्या सहभागाने आणि तोडीइतकीच नवी रोपे लावण्याच्या अटीवर केलेली लागवड. तिचे फळ मिळण्यास वर्षे लागतात; परंतु दीर्घ मुदतीच्या ठेवीचे महत्त्व व्यापारी घरांइतके कोणाला ठाऊक असणार?

मनसुख वाणी यांचे ११ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, २२ एप्रिल रोजी, अमेरिकेत 'सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन' या स्तनाच्या कर्करोगावरील औषधाला मान्यता मिळाली. त्यात कॅम्प्टोथेसिन कुळातील रेणू एका प्रतिपिंडाला बांधून थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत नेला जातो, जेणेकरून निरोगी पेशींची हानी कमी व्हावी. २०१९ च्या अखेरीस मान्य झालेले 'ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन' हेही याच तत्त्वावरचे. १९६६ साली वीस किलो लाकडातून वेगळ्या केलेल्या द्रव्याची मात्रा आज पेशीच्या पत्त्यावर पाठवता येऊ लागली आहे.

या औषधांची गरज उद्या कोणाच्या घरी पडेल हे सांगता येत नाही. त्या वेळी जंगलातील अनोळखी पुडीवर विश्वास न ठेवता तज्ज्ञांच्या मोजक्या मात्रेवर ठेवावा, आणि व्यापारात असणाऱ्यांनी नरक्याचे लाकूड दारात आले तर ते कोठून आले हे विचारल्याशिवाय काट्यावर चढवू नये. या दोन गोष्टी पाळल्या गेल्या, तर सह्याद्रीतील या झाडाला 'अमृता' हे नाव पुढेही शोभून दिसेल.